नदीकाठी किंवा ओढ्यालगत घर घेण्यापूर्वी : पुणे परिसरासाठी तपासणीची पद्धत

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत) उभे असलेले ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तेथे भूखंड घेऊन घर बांधलेल्या कुटुंबांचे आयुष्यभराचे पैसे त्या मातीत गेले. नदीच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण बंगले उभे राहण्यापूर्वी जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो कोणीच वेळेवर विचारला नाही, याचे दुःख उरते.

घर घेताना आपण मालकीहक्क, बँकेचे कर्ज आणि परवानग्या तपासतो. ही सारी तपासणी आवश्यक आहे, परंतु यांपैकी एकही कागद पाणी कोठपर्यंत येईल हे सांगत नाही. बँकेचा वकील जमिनीच्या मालकीची साखळी पाहतो आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची किती आणि नदीची पूरपातळी किती, ही तुलना बहुतेक वेळा खरेदीदाराने स्वतःच करावी लागते. पुढील पायऱ्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. नियमावली, सातबारा आणि पूररेषा यांविषयीचा भाग राज्यातील इतर बहुतेक शहरांनाही लागू पडतो.

पहिली पायरी : जागेवर पाणी कोणत्या वाटेने येऊ शकते ते ठरवा

पुण्यात पाण्याचे धोके एकाच प्रकारचे नाहीत, आणि प्रकार ओळखल्याशिवाय पुढची तपासणी दिशाहीन होते. मुठेकाठच्या जागेचा धोका मुख्यतः धरणांशी जोडलेला आहे. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तीन धरणांतून सोडलेले पाणी खडकवासल्यात येते. वरसगावची साठवण सुमारे १२.८ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि पानशेतची सुमारे १०.६ टीएमसी आहे, तर खडकवासल्याची जेमतेम २ टीएमसी. म्हणजे वरची धरणे भरली की खडकवासल्याला ते पाणी थोपवून धरता येत नाही. आलेले पाणी जवळजवळ तसेच मुठेत सोडावे लागते. त्यात धरणाखालच्या मुक्त पाणलोटातले, म्हणजे धरण आणि शहर यांच्यामधल्या डोंगरउतारांवरचे आणि खुद्द शहरातले पावसाचे पाणी मिसळते. मुळेकाठी मुळशीचा आणि पवनेकाठी पवना धरणाचा असाच विचार करावा लागतो.

ओढ्याकाठचा धोका निराळा आणि अधिक घातक असतो, कारण ओढ्याच्या पुराचा इशारा देणारे कोणी नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल या पट्ट्यात जो विध्वंस केला, त्याला कोणत्याही मोठ्या धरणाचा विसर्ग कारणीभूत नव्हता. काही तासांचा मुसळधार पाऊस, भरून वाहणारे कात्रजचे तलाव आणि जागोजागी अरुंद झालेले पात्र एवढे पुरेसे ठरले. शहर आणि परिसरात मिळून त्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. पाषाण, बाणेर, औंध भागातील रामनदीने ऑक्टोबर २०१० मध्ये असाच अनुभव दिला होता. दोन्ही घटना मोसमाच्या अखेरीच्या आहेत, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे: जुलै-ऑगस्ट कोरडेठाक पार पडले म्हणून ओढ्याकाठी निर्धास्त होता येत नाही.

तिसरा प्रकार कालव्याचा. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि भर दिवसा वस्त्यांमध्ये पाणी शिरले. जागा कालव्याच्या पातळीखाली असेल, तर नदी दूर असूनही हा धोका मोजावा लागतो.

दुसरी पायरी : पूररेषेचा खरा अर्थ समजून घ्या

निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल पूररेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची कड दाखवते. वर धरण असेल तर नदीपात्राची वहनक्षमता आणि सांडव्याची संकल्पित क्षमता यांचाही रेषा आखताना विचार होतो. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, आणि निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. रेषा जलसंपदा विभाग आखतो. महापालिका त्या विकास आराखड्यावर दाखवते.

'२५ वर्षांतून एकदा' हे शब्द खरेदीदाराला फसवतात. गेल्या वर्षी पूर आला म्हणजे आता पुढची २४ वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. तो पूर दर वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के आहे, एवढेच ते सांगते. हाच हिशेब २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीला लावला, तर त्या काळात निदान एकदा तरी निळ्या रेषेइतके पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते, म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच अधिक. लाल रेषेच्या पुरासाठी हीच शक्यता सुमारे १८ टक्के आहे. हप्ते फिटेपर्यंत घर कोरडे राहील की नाही, हा प्रश्न असा आकड्यांत मांडला की नदीदर्शनी फ्लॅटची वाढीव किंमत वेगळ्या नजरेने दिसू लागते.

दुसरी गफलत अशी की रेषा कायमची मानली जाते. रेषा म्हणजे ठरावीक वर्षी मोजलेल्या पात्राच्या छेदांवरून (ठिकठिकाणच्या आडव्या कापांवरून) केलेले गणित आहे. त्यानंतर पात्रात भराव पडला, नवा पूल झाला, काठावर भिंत आली, तर तेवढेच पाणी अधिक उंचीने वाहते आणि रेषा कागदावर तेथेच राहते. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकसाठी आणि लाल रेषा १ लाख क्युसेकसाठी धरलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेक होता, आणि पुढच्याच महिन्यात तेथील रहिवाशांना पुन्हा घरे सोडावी लागली. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे ३५ हजार क्युसेक हे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर पाणी झाले. प्रचंड वाटणारा हा प्रवाह निळ्या रेषेच्या प्रवाहापेक्षा बराच कमी होता, आणि तरीही वाहनतळ बुडाले. त्यामुळे रेषेच्या अगदी बाहेर आहोत, या वाक्यावर समाधान मानू नये. रेषेपासून किती मीटर बाहेर आणि, त्याहून महत्त्वाचे, किती मीटर वर आहोत, हे विचारावे. आडव्या अंतरापेक्षा उभी उंची निर्णायक असते: सपाट काठावर २०० मीटर दूर असलेली इमारत बुडते आणि उंच कड्यावर ३० मीटर अंतरावर असलेली इमारत कोरडी राहते.

तिसरी पायरी : कागदावरचा ओढा शोधा

मोठ्या नद्या निदान नकाशावर दिसतात, ओढे मात्र गायब होतात. त्यासाठी चार प्रकारची कागदपत्रे शेजारी ठेवून पाहावीत. सातबारा उताऱ्यावर पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) किती आणि कोणत्या वर्गाचा आहे ते पाहावे; रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा कारणांसाठीची जमीन वर्ग 'ब' मध्ये दाखवलेली असते, आणि हा आकडा मोठा असल्यास त्याचे कारण शोधावे. त्यानंतर गाव नकाशा घ्यावा. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो आणि गटांच्या हद्दी महाभूनकाशा संकेतस्थळावरही पाहता येतात. बाणेर, बावधन, धायरी, वाघोली, आंबेगाव ही काल-परवापर्यंत गावेच होती, त्यामुळे त्यांच्या जुन्या गाव नकाशांवर ओढे स्पष्ट काढलेले असतात. तिसरा कागद म्हणजे महापालिकेचा विकास आराखडा. त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा अधिकृतपणे मागून घ्यावा. चौथा आधार उपग्रह प्रतिमांचा: गूगल अर्थवर जुन्या वर्षांच्या प्रतिमा उघडून तीच जागा पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत कशी दिसत होती, झाडांची वळणदार रांग कोठून जात होती, आणि त्या रांगेवर माती कधी पडली, हे पाहता येते.

गाव नकाशावर ओढा आहे आणि विकास आराखड्यावर नाही, किंवा दोन्हींवर आहे आणि जागेवर नाही, असे आढळले तर तेथेच थांबावे आणि लेखी खुलासा मागावा. ओढा वळवणे हे नेहमीच बेकायदा असते असे नाही. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार लहान प्रवाहाच्या काठापासून ९ मीटर आणि मोठ्या प्रवाहाच्या काठापासून १५ मीटरच्या आत बांधकामास जागा योग्य मानली जात नाही. मात्र स्पष्ट काठ नसलेला लहान प्रवाह सखल जमिनीतून जात असेल, तर प्राधिकरण ठरवील त्या मार्गाने आणि त्या मापाने तो वळवण्याची मुभा त्याच नियमावलीत आहे. म्हणून खुलासा मागताना प्रवाह वळवण्याची मंजुरी, नव्या पात्राची रुंदी-खोली आणि ती ठरवताना धरलेला पाऊस, या तीन गोष्टींची प्रत मागावी. वरच्या बाजूचे पात्र ८ मीटर रुंद आणि इमारतीखालून नेलेला पाइप त्याच्या निम्म्याने, असा प्रकार उघड्या डोळ्यांनीही ओळखता येतो. मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट घेते, आणि त्या वाटेवर आता आपले पार्किंग असते.

चौथी पायरी : इमारतीच्या पातळ्या मीटरमध्ये मिळवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच वगळली जाते. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी, मालकीहक्काचा अहवाल आणि चालू दाव्यांची माहिती मिळते. एकूण बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी बंधनकारक असते आणि तिचे कागद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. ते कंटाळवाणे वाटले तरी अवश्य वाचावेत. जाहिरातीत कधीही न येणाऱ्या गोष्टी तेथे बिल्डरनेच लिहून दिलेल्या असतात: जमिनीचा उतार, भूजलाची पातळी, जागेतून किंवा जागेलगत जाणारा नाला, भरावाचे प्रमाण, पावसाच्या पाण्याचा निचरा कोठे होणार, मैलाशुद्धीकरण प्रकल्प कोठे बसणार.

नियमावलीनुसार निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचे असल्यास ते लाल पूररेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर असावे लागते. निषिद्ध क्षेत्रात पार्किंग, उद्यान, मोकळी जागा असे मोजकेच उपयोग चालतात, मात्र त्या जमिनीचा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम) उरलेल्या भूखंडावर वापरता येतो. या तरतुदीचा परिणाम नीट समजून घ्यावा. नदीपात्रालगतच्या रिकाम्या जमिनीचे बांधकाम मागच्या तुकड्यावर चढते, तेथे इमारती उंच होतात, माणसांची आणि गाड्यांची संख्या वाढते, आणि पुराच्या पट्ट्यात कायदेशीररीत्या पार्किंग उभे राहते. घर कोरडे, पण जिना उतरल्यावर कमरेइतके पाणी, अशी स्थिती यातूनच निर्माण होते. माझ्या मते ०.४५ मीटर ही अगदी तोकडी राखीव उंची आहे. भराव आणि भिंतींनी पात्र अरुंद होत असलेल्या शहरात गुडघ्याखाली येणाऱ्या उंचीवर कुटुंबाची सुरक्षितता सोपवू नये.

बिल्डरच्या आर्किटेक्टकडून पुढील पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, सहीनिशी मागाव्यात: जागेजवळच्या छेदावरील निळी आणि लाल पूरपातळी, जोत्याची पातळी, तळघरात उतरणाऱ्या रॅम्पच्या माथ्याची पातळी, ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या मुख्य पॅनेलची पातळी, जनरेटरची पातळी, पिण्याच्या पाण्याच्या भूमिगत टाकीच्या झाकणाची पातळी आणि इमारतीपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेतील सर्वांत सखल बिंदूची पातळी. शेवटचा आकडा बहुधा कोणी विचारत नाही, पण आजारी माणसाला रात्री बाहेर काढायचे असेल तेव्हा तोच कामी येतो. विजेच्या पॅनेलबाबत तडजोड करूच नये. २५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनजवळील पुलाची वाडी येथे पुराच्या पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. साचलेले पाणी आणि जिवंत वीज एकत्र आली की गुडघाभर पाणीही प्राणघातक ठरते.

आकडे देण्यास टाळाटाळ झाली, तर खासगी सर्व्हेअरकडून पातळ्या मोजून घेता येतात. संपूर्ण घराच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

पाचवी पायरी : जागा दोनदा पाहा, त्यांपैकी एकदा पावसात

उन्हाळ्यातील रविवारी दिसणारी जागा आणि ऑगस्टमधील सलग दोन दिवसांच्या पावसानंतरची जागा यांत फार अंतर असते. पाहणी करताना इमारतीपासून सुरुवात न करता वरच्या आणि खालच्या बाजूच्या पुलांपासून करावी. पुलाच्या खांबांत, काठच्या झाडांच्या फांद्यांत, तारेच्या कुंपणात अडकलेले प्लास्टिक आणि चिंध्या मागच्या पुराची उंची दाखवतात. मोरीचे तोंड गाळाने किती भरले आहे ते पाहावे. काठावर राडारोड्याचे डंपर रिकामे होत आहेत का, आणि कोणाच्या जमिनीवर, हेही पाहावे. शेजारच्या जुन्या सोसायटीचा वॉचमन, काठावरच्या वस्तीतील वयस्कर माणसे, जवळचा किराणा दुकानदार यांना पाणी कोठपर्यंत आले होते हे नेमके विचारावे. दुकानदार सर्वांत खालचा फळा कोणत्या उंचीवर ठेवतो, यातही उत्तर असते. जुन्या पेठांतील आणि नदीकाठच्या वस्त्यांतील ज्येष्ठांना १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराच्या खुणाही ठाऊक असतात.

ओढ्याला नव्याने बांधलेली उंच सीमाभिंत दिसली, तर ती कोणत्या बाजूला आहे हे पाहावे. एका काठावर भिंत आली की पाणी समोरच्या काठावर चढते. शिवाय भिंत बाहेरचे पाणी अडवते तशी आतले पाणीही अडवते: पावसाळी गटारांच्या तोंडांना उलट्या प्रवाहाची झडप नसेल, तर नदी चढल्यावर पाणी भिंतीवरून न येता चेंबरमधून, आणि तळमजल्यावरील न्हाणीघरांतूनही, वर येते.

सहावी पायरी : इमारत नदीला काय देणार हेही तपासा

पुराचा विचार करताना आपण स्वतःला केवळ बाधित समजतो. वास्तविक काठावरची प्रत्येक इमारत खालच्या वस्तीच्या पुरात भर घालत असते. एक एकर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४ लाख लिटर पाणी होते. मातीवर, गवतावर, झाडांखाली त्यातील बराच भाग मुरतो किंवा रेंगाळतो. पोडियम (पार्किंगवरचा पक्का चौथरा), काँक्रीट आणि पेव्हिंग ब्लॉकवरून तो काही मिनिटांत ओढ्यात पोहोचतो. आंबिल ओढ्यासारख्या आखूड प्रवाहात हा वेळेचा फरकच माणसे वाचण्याचा किंवा वाहून जाण्याचा फरक असतो. म्हणून प्रकल्पात किती मोकळी जमीन खरोखर मातीची आहे आणि किती 'हिरवी' जागा पार्किंगच्या छतावर आहे, हे वेगवेगळे विचारावे. काठावरील उंबर, करंज, वाळुंज यांसारखी झाडे आणि दाट झुडपे काढून तेथे लॉन आणि जॉगिंग ट्रॅक केला असेल, तर काठाची माती धरून ठेवणारी मुळे गेली, असे समजावे.

मैलापाण्याचेही तसेच. २०० फ्लॅटची सोसायटी, घरटी पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर रोज १ लाख लिटरहून अधिक मैलापाणी तयार होते. मैलाशुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता तेवढी आहे का, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालवण्याची संमती आहे का, शुद्ध झालेले पाणी कोठे वापरले जाते, आणि प्रकल्प पूरपातळीच्या खाली तर बसवलेला नाही ना, हे पाहावे. तो तळघरात असेल आणि तळघर बुडाले, तर मैला आणि भूमिगत टाकीतील पिण्याचे पाणी एक होण्यास वेळ लागत नाही.

सातवी पायरी : करार, विमा आणि ताबा

वर मिळवलेल्या पातळ्या, मंजूर नाल्याची मापे आणि जागा निळ्या रेषेच्या बाहेर असल्याचे विधान करारनाम्याच्या परिशिष्टात समाविष्ट करण्याचा आग्रह धरावा. तोंडी आश्वासन देणारा विक्री प्रतिनिधी ताबा मिळेपर्यंत बदललेला असतो. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये, आणि ताब्याच्या वेळी प्रत्यक्ष बांधलेले जोते व रॅम्प नकाशाप्रमाणे आहेत का ते मोजून घ्यावे. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पुराचा समावेश आहे. ती इमारत आणि घरातील सामान दोन्हींसाठी घ्यावी. गाडीच्या विम्यात इंजिनात पाणी शिरल्याचे नुकसान बहुधा वेगळ्या जोडसंरक्षणाशिवाय मिळत नाही, त्यामुळे सखल पार्किंग असलेल्यांनी ते घ्यावे.

आधीच राहत असलेल्यांसाठी

घर विकून दुसरीकडे जाणे बहुतेकांना शक्य नसते. अशा सोसायट्यांनी मे महिन्याच्या आत काही कामे संपवावीत: विजेचे पॅनेल वरच्या पातळीवर नेणे, गटारांच्या तोंडांना झडपा बसवणे, भूमिगत टाकीचे झाकण उंच व जलरोधक करणे, आणि खडकवासल्याच्या किती विसर्गाला आपल्या फाटकाशी पाणी येते याची नोंद ठेवणे. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदींनंतर जलसंपदा विभागाने जाहीर केलेल्या आकड्यावरून गाड्या केव्हा हलवायच्या हे सोसायटीला स्वतःच ठरवता येते. मध्यरात्री विसर्ग वाढवला जातो तेव्हा प्रत्येक जिन्यातील एक जबाबदार व्यक्ती फोन चालू ठेवून असावी, आणि तळमजल्यावरील वृद्ध, आजारी व एकट्या राहणाऱ्या रहिवाशांची यादी तिच्याकडे असावी.

काठावर भराव किंवा पात्रात बांधकाम होताना दिसले, तर तारीख आणि ठिकाण दिसेल अशी छायाचित्रे काढून महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे, जलसंपदा विभागाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे एकाच दिवशी लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. त्या जागेच्या पूररेषेचा नकाशा आणि दिलेल्या परवानग्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्यात. प्रतिसाद मिळाला नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. मात्र तेथे पर्यावरणविषयक वादाचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसच वाढवून मिळतात. महापालिकेच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते, म्हणून पहिला डंपर दिसला ती तारीख लिहून ठेवावी आणि कागदपत्रे जमवण्याचे काम त्याच आठवड्यात सुरू करावे.